दीड, सव्वादोन की अडीच लिटर?

प्रश्न : काका, नमस्कार. जांबोटीच्या पुढे आमची चार एकर काजूची बाग आणि थोडी भातशेती आहे. आई आणि मी दोघीच सगळं बघतो. नोकरीसाठी मी रोज बेळगावला जाऊन-येऊन करते, साठेक किलोमीटर होतात. डांबरी सोडल्यावर घरापर्यंत अडीच किलोमीटर लाल मातीची वाट आहे. मध्ये एक नाला लागतो आणि नाला ओलांडला की लगेच चढण. मिरगापासून गणपतीपर्यंत स्कूटर फाट्यावरच्या दुकानात ठेवून चालत जावं लागतं. यंदा जुनी फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी गाडी, घ्यायचीच असं ठरवलंय. हाताशी सहा लाख आहेत. आयुष्यातली पहिलीच चारचाकी. तीन गाड्या बघून ठेवल्या आहेत : २०१५ ची डस्टर एडब्ल्यूडी, दीड लिटर डिझेल, २०१३ ची स्कॉर्पिओ फोर बाय फोर, २.२ लिटर, ही कोल्हापूर पासिंगची; आणि २०१४ ची थार सीआरडीई, २.५ लिटर. दादा म्हणतो, डोंगरात मोठंच इंजिन पाहिजे, डोळे झाकून थार घे. मामा म्हणतात, मोठं इंजिन डिझेल पिऊन तुला खाईल, डस्टर घे. किती सीसीचं घेऊ?
— एक वाचक भगिनी, ता. खानापूर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात तीन इंजिनांचे आकडे आहेत, पण मी दोनदा वाचली ती ओळ नाल्याची आणि लगेच येणाऱ्या चढणीची. तुमची गाडी तिथं ठरणार आहे. नाल्यातून चाकं ओली होऊन, चिखल घेऊन बाहेर येतात आणि पळवायला जागा न मिळता लगेच चढायला लागतात. आपल्याकडची ती लाल माती मला चांगली ठाऊक आहे. वर चार बोटं लोण्यासारखी आणि खाली जांभा टणक. अशा ठिकाणी ताकद कमी पडून गाडी अडकत नाही. बहुतेक वेळा ताकद एकदम चाकावर येते, चाक जागीच फिरतं, वरचं लोणी उडवतं आणि खड्डा करून बसतं. तिथं गाडी माणसाच्या चालीपेक्षा हळू चढायला हवी आणि तेवढ्या हळू चढतानाही इंजिन बंद पडता कामा नये.

आता दादाच्या म्हणण्याकडे येतो. सीसी म्हणजे सिलिंडरमधली जागा. त्या जागेत किती हवा दाबून भरली, डिझेल किती बारीक फवारलं, यावर ओढ ठरते. थारचंच उदाहरण घ्या. जुनी थार दोन डिझेल इंजिनांत मिळायची. डीआयचं, म्हणजे जुन्या साध्या पंपाचं इंजिन २५२३ सीसी, हॉर्सपॉवर ६३. सीआरडीईचं, म्हणजे जास्त दाबानं डिझेल फवारणाऱ्या कॉमन रेलचं २४९८ सीसी, हॉर्सपॉवर १०५. पंचवीस सीसी कमी आणि बेचाळीस घोडे जास्त! इसुझूच्या व्ही-क्रॉस पिकअपला आधी अडीच लिटरचं इंजिन होतं, त्याचा टॉर्क, म्हणजे ओढ, ३२०. मग १.९ लिटरचं आलं, त्याचा ३५०. इंजिन लहान झालं, ओढ वाढली. गुरखाचंही तसंच. २.६ लिटरवाली ८५ घोड्यांची आणि २०१८ ला २.२ लिटरची एक्स्ट्रीम आली ती १४० ची.

तुमच्या यादीतला आकडा तर याहून बोलका आहे. डस्टरचं इंजिन १४६१ सीसी, टॉर्क २४५ च्या आसपास. थारचं २४९८ सीसी, टॉर्क २४७. एक लिटरचा फरक आणि ओढ जवळजवळ तीच. दादाला हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून दाखवा.

तरी दादा अगदीच चुकीचं बोलत नाहीत. लहान इंजिनाची ही ओढ टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, जिवावर असते. टर्बो जागा होतो तो साधारण दीड हजार आरपीएमच्या पुढे. त्याच्या खाली दीड लिटरचं इंजिन दीड लिटरचंच असतं. चढणीवर अर्ध्यात थांबलात, समोरून म्हैस आली, पुन्हा गाडी उचलायची आहे, सुई हजारावर आहे, अशा वेळी मोठं इंजिन आपल्या अंगच्या जोरावर गाडी हलवतं. लहान इंजिनाला जास्त रेस द्यावी लागते आणि क्लच अर्धा दाबून धरावा लागतो. नवीन चालवणारा तिथंच क्लच प्लेट जाळतो. जळलेल्या प्लेटचा तो कडवट वास एकदा नाकात बसला की जन्मभर विसरत नाही.

यावर उपाय इंजिनात नाही, गिअरबॉक्सच्या मागे आहे. त्याला ट्रान्सफर केस म्हणतात आणि त्यातल्या ‘फोर लो’साठीच आपण फोर व्हील घेतो. फोर लोमध्ये टाकलं की चाकं सुमारे अडीच पट हळू फिरतात आणि त्यांच्यावरचा जोर अडीच पट होतो. म्हणजे थारचे २४७ चाकाकडे जाताना सहाशेच्या घरात जातात. इंजिन दोन हजारावर आरामात गुणगुणतंय, टर्बो जागा आहे, आणि गाडी मात्र बैलगाडीच्या चालीनं चढतेय. क्लचवरून पाय पूर्ण काढलेला. उतरतानाही फोर लो आणि पहिला गिअर ठेवा, ब्रेकला पायच लावू नका, इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ओल्या उतारावर ब्रेक दाबला की चाक थांबतं आणि गाडी घसरत राहते, हे तुम्ही स्कूटरवर अनुभवलं असेलच.

थार आणि स्कॉर्पिओ, दोन्हींना फोर लो आहे. डस्टरला नाही. तिच्या फोर व्हील मॉडेलचा पहिला गिअर मुद्दाम आखूड केलेला आहे, खालची उंचीही चांगली आहे, आणि मागच्या दोन्ही चाकांचं सस्पेन्शन स्वतंत्र असल्यामुळे खराब रस्त्यावर ती आईला सर्वांत कमी हादरे देईल. तिच्यात मागच्या चाकांना जोर देणारं इलेक्ट्रिक कपलिंग असतं. खोल चिखलात फार वेळ झगडलात तर ते तापतं आणि थंड होईपर्यंत मागची चाकं सोडून देतं. कच्च्या वाटेला, ओल्या गवताला, साध्या चढाला ती उत्तम आहे. तुमच्या नाल्यातलं पाणी जुलैत गुडघ्याखाली राहत असेल आणि चढण फार खडी नसेल तर मामांचं ऐकायला हरकत नाही. पाणी गुडघ्याच्या वर जात असेल तर डस्टर यादीतून काढा. आणखी एक : रेनॉनं २०२० मध्ये भारतात डिझेल बंद केलं. तिच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. तो कधी बदलला याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून चाला आणि तेवढा खर्च किमतीतून कापून घ्या. चालता चालता बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनच उघडावं लागतं.

मामांचा डिझेलचा मुद्दा खरा आहे, पण मोजून बघू. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांवरून सांगतो, या रस्त्यावर डस्टर पंधराच्या आसपास देते, स्कॉर्पिओ फोर बाय फोर अकराच्या. साठ किलोमीटरला चार लिटर आणि साडेपाच लिटर. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर सदतीस-अडतीस लिटरचा फरक. थोडा नाही. शिवाय सीसीचा एक खर्च कुणी सांगत नाही, तो विम्याचा. थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर ठरतो. जून २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे हजार ते पंधराशे सीसीच्या खासगी गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये आणि पंधराशेच्या वर ७,८९७. म्हणजे १४६१ वाली डस्टर एका बाजूला, बाकीच्या दोन्ही दुसऱ्या बाजूला. मात्र २.२ आणि २.५ यांत इथं एका रुपयाचाही फरक नाही.

मग घ्यायची कुठली? दोन पावसाळे तुमच्या जागी राहून विचार केला तर मी स्कॉर्पिओच्या बाजूचा आहे. कारण २.२ हा आकडा नाही. तुमच्या दिवसातले साठ किलोमीटर डांबरावर आणि पाच किलोमीटर चिखलात जाणार आहेत. जुनी थार चिखलात राणी आहे, फोर लोचा दांडा हातात असतो, बिघडायला तिच्यात फार काही नाही. पण मागे समोरासमोरची बाकडी, एअरबॅग नाही, २०१४ च्या गाडीला एबीएस नाही. आईला दवाखान्यात न्यायचं झालं तर त्या बाकड्यावर बसवून नेणं माझ्या जिवाला पटत नाही. एकट्या शेतकऱ्यानं विचारलं असतं तर थारच सांगितली असती. स्कॉर्पिओत फोर लो बटनावर लागतो, तो फिरवणारी छोटी मोटर गाडी वर्षानुवर्षं टू व्हीलवरच चालवली तर गंजून अडकते. ती चालते का, हे बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

मोठ्या गाडीच्या फोर व्हीलबद्दल एक सूचना आत्ताच, नाहीतर राहून जाईल. थार, स्कॉर्पिओ यांची फोर व्हील कोरड्या डांबरावर लावायची नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, डांबर चाकाला सरकू देत नाही आणि सगळा पीळ शाफ्टवर, गिअरवर येतो. कच्ची वाट लागली की लावा, डांबर लागलं की काढा.

आता माझी एक गोष्ट सांगतो, कारण तुमचं पत्र वाचताना मला तीच आठवत होती. १९९७ साली मी उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपमध्ये होतो आणि लिलावातली एमएम ५४० घेतली होती. प्युजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन. इंजिनाचा माणूस म्हणून मी इंजिन स्वतः उघडलं, बोअर मापले, रिंगा घातल्या, नॉझल तपासून बसवल्या. सकाळी एका सेल्फला उठायची. त्या आवाजावर मी खूश होतो. पुढच्या हाऊसिंगचा, म्हणजे पुढच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरच्या पेटीचा, ड्रेन बोल्ट मात्र एकदाही उघडला नाही. जुलैमध्ये आमगावच्या बाजूला आत्याला आणायला गेलो. तिला चार दिवस ताप होता. येताना एका नाल्यातून वर चढताना पुढून कडकड असा आवाज आला आणि पुढची चाकं मेली. एकट्या मागच्या चाकांनी ती निसरड चढवेना. पाऊस, अंधार, आत्या कण्हतेय. तिला पाठीवर घेऊन निम्मी रात्र चाललो तेव्हा एका वस्तीवर दिवा दिसला. त्या घरातल्या बाईनं चुलीपुढं आत्याला बसवून कपडे बदलले, ते मी विसरलेलो नाही.

आठ दिवसांनी हाऊसिंग उघडलं. बोल्ट सैल केला तसं आतून जे बाहेर आलं त्याचा रंग अजून डोळ्यासमोर आहे. हॉटेलातला दुधाचा चहा असतो ना, अगदी तसा. ऑइलमध्ये पाणी मिसळून वर्षभर घुसळलं गेलं होतं. क्राऊनचे, म्हणजे आतल्या मोठ्या गिअरचे, तीन दात गेलेले, बेअरिंगला तांबडा गंज. तापलेलं हाऊसिंग नाल्याच्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ते होऊ नये म्हणून वर ब्रीदरची नळी असते. माझ्या जीपची नळी चिखलानं बुजलेली होती.

म्हणून ताई, गाडी बघायला जाल तेव्हा ओळखीचा मिस्त्री बरोबर घ्या आणि पहिला पाना पुढच्या हाऊसिंगला लावायला सांगा. मग मागच्या, मग ट्रान्सफर केसला. थोडंसं ऑइल बोटावर घ्या. काळं असेल तर जुनं आहे, चालेल. दुधाळ असेल तर गाडी पाण्यात राहिली आहे. बोटावर चमचमणारी चांदी दिसली तर ती दातांची झीज आहे, तिथंच रामराम करा.

इंजिन बघायला सकाळी लवकर जा, आणि येतोय म्हणून फोन करून वेळ देऊ नका. बोनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर मालकानं आधीच गाडी उठवून ठेवली आहे, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. गार असताना सेल्फ मारायचा. पहिल्या क्षणाचा थोडा पांढरा धूर सोडून द्या. पांढरा धूर दोन-तीन मिनिटं राहिला तर नॉझल किंवा कॉम्प्रेशन गेलं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, टर्बोचं सील किंवा रिंगा. काळा धूर रेस दिल्यावरच येत असेल तर कधी कधी नुसता एअर फिल्टर चोंदलेला असतो, त्याला भिऊ नका. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करून वर नुसतं टेकवून ठेवा. झाकण नाचायला लागलं, आतून भकाभका वाफ यायला लागली तर त्याला आम्ही बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. अशी २.५ लिटर घेण्यापेक्षा निरोगी दीड लिटर शंभर पटीनं बरी. दोन लाख किलोमीटर चाललेल्या इंजिनात सीसी सांगणाऱ्या कागदाला अर्थ राहत नाही.

नंतर मालकाला गवताच्या नाहीतर मातीच्या मोकळ्या जागी गाडी घ्यायला सांगा. फोर हाय, म्हणजे नेहमीच्या वेगाची फोर व्हील, मग थांबून न्यूट्रलला फोर लो. पुढून काही खटखटतंय का, दिवा लागतोय का, लो काढल्यावर सुटतोय का. दहा मिनिटांचं काम आहे. जो मालक याला तयार नाही त्याची गाडी घेऊ नये.

कोल्हापूर पासिंगबद्दल. एमएच-०९ गाडी आपल्याकडे कायमची आणायची तर कोल्हापूर आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५. मग बेळगावला केए-२२ नंबर घ्यायचा आणि कर्नाटकाचा आजीवन रस्ता कर भरायचा. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होत जातो, पण फोर बाय फोरला तो हलका नसतो. बारा महिन्यांत नवीन नंबर घ्यायचा असा कायदा आहे. सौदा करण्याआधी बेळगाव आरटीओत जाऊन त्या मॉडेलचा कर किती बसेल ते लिहून घ्या आणि तो आकडा स्कॉर्पिओच्या किमतीत मिळवूनच सहा लाखांशी तुलना करा. कर मिळवल्यावर ती बजेटबाहेर जात असेल तर हट्ट धरू नका. इथल्याच पासिंगची दुसरी स्कॉर्पिओ दिवाळीनंतर मिळेल, तेव्हा भावही पावसाळ्याच्या तोंडापेक्षा उतरलेले असतात.

प्रश्न : दिल्लीहून आलेली १.९९ लिटरची स्कॉर्पिओ स्वस्तात मिळते आहे. इथली २.२ फोर बाय फोर लाखभरानं महाग. इंजिनात फरक काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरात दोन हजार सीसी आणि वरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली होती. त्यासाठी स्कॉर्पिओचं तेच २.२ चं एमहॉक इंजिन दोन हजाराच्या जरा खाली आणलं गेलं, ताकद १२० हॉर्सपॉवरच ठेवली. ऑगस्ट २०१६ मध्ये बंदी उठली, त्यामुळे असली इंजिनं थोडीच. चालायला काही वाईट नाही, पण आतले काही पार्ट वेगळे. ते निपाणीत, चिकोडीत शोधत बसावं लागेल. २.२ चे पार्ट कुठल्याही दुकानात मिळतात.

स्वस्त असण्याचं दुसरं कारण वय. हरित लवादानं २०१५ मध्ये दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या गाड्या दक्षिणेत येतात. एनओसी खरी आहे का, ते आधी बघा. आणि गाडीखाली वाकून बघा, पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट आहे का? तो नसेल तर ती फोर बाय फोर नाही, मग तुलनेचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : उसाच्या फडात आणि शेतवाटेवर फिरायला थार डीआय घेऊ की सीआरडीई? आमचे मिस्त्री म्हणतात सीआरडीई नाजूक.
— एक शेतकरी वाचक, संकेश्वर

उत्तर : फडात आणि गावापुरती असेल तर डीआय घ्या. ६३ घोडे हायवेवर कमी पडतात, ट्रकला ओलांडताना जीव मुठीत येतो, पण शेतात खालच्या आरपीएमला ते इंजिन चिवट आहे. पंप, नॉझल तुमच्या मिस्त्रींच्या हातातलं काम. डीआय टू व्हीलमध्येही विकली गेली आहे, एवढं तपासा. काळ्या मातीत इंजिनापेक्षा टायरला पैसे ठेवा. आपली काळी माती टायरच्या खाचांत भरून बसते आणि रुंद टायर गुळगुळीत रूळ होतो. अरुंद, खोल खाचांचे टायर घ्या.

मिस्त्री नाजूक म्हणतात त्यामागे बहुतेक वेळा डिझेल असतं. सीआरडीईची नॉझल प्रचंड दाबावर, अगदी बारीक भोकांतून फवारते, तिला पाण्याचा एक थेंब सोसत नाही. आपल्याकडे ट्रॅक्टरसाठी कॅन भरून गोठ्यात ठेवायची सवय आहे. पावसाळी हवेत कॅनमध्ये पाणी सुटतं आणि तळाला बसतं. सीआरडीई घेतलीच तर कॅनमधलं शेवटचं डिझेल तिच्यात ओतू नका, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी डिझेल फिल्टरखालचा बोल्ट सैल करून वाटीभर डिझेल काचेच्या ग्लासात काढा. पाणी असेल तर खाली वेगळं दिसतं. दिसेनासं होईपर्यंत काढत राहा, मग बोल्ट घट्ट करून हातपंपानं हवा काढा.